पाल्याखालचा भुंगेरा आणि आपलं जंगल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात झालेलं भाषण. बोलणारे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. टेपवरून उतरवून घेतलं आहे, बोलणं जसं होतं तसंच बहुतेक ठेवलं आहे. शेवटी काही प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



कालपासून या मांडवात जमिनीच्या पट्ट्यांवर बोलणं चाललंय. ३१ मार्च १९७८च्या आधीपासून कोण कसत होतं, दंडाच्या पावत्या कुणाकडे आहेत, कुणाच्या उंदरांनी कुरतडल्या, पंचनाम्यात काय लिहिलं आणि काय गाळलं. असं सगळं गंभीर चाललं असताना फळ्यावर “भुंगेरा” असं लिहिलेलं पाहून मागची पोरं हसली. हसू द्या. मीही कॉलेजात हा विषय काढला की हसतात. पण एक सांगतो. जंगल चांगलं की खराब, हे ठरवायचा अधिकार आज ज्याच्या हातात आहे तो माणूस वर बघून ठरवतो. झाडाचा घेर मोजतो, उंची अंदाजतो, सागाची किती, ऐनाची किती, बाकी “इतर”. खाली बघत नाही. मी आज तुम्हाला खाली बघायला सांगणार आहे, कारण तुमची जमीन आणि तुमचं जंगल या दोन्हींचा निकाल बराचसा त्या खालच्या वीतभर थरात लागतो.

काल संध्याकाळी पोरांनी डालडाचे डबे पुरले ते तुम्ही पाहिलंत. तोंड जमिनीच्या बरोबरीला, वर दगडांवर टेकवलेलं पत्र्याचं झाकण, आत काही नाही. रात्री जमिनीवरून पळणारा किडा काठावरून आत पडतो आणि गुळगुळीत पत्र्यावरून त्याला वर येता येत नाही. जगभर हीच युक्ती वापरतात, फक्त डबे महाग असतात. आपण तीन ठिकाणी पुरले. गावदेवाच्या रानात, मिश्र झाडी तोडून साग लावलाय त्या कुपात, आणि नागलीच्या वावराच्या बांधाला.

सकाळी काय निघालं? सागाच्या कुपातल्या डब्यांत मुंग्या, मुंग्या, आणि एक कोळी. बांधाच्या डब्यात रातकिडे, मुंग्या आणि दोन काळे भुंगेरे. गावदेवाच्या रानातल्या डब्यांत मात्र पोरांना बोटं मोजायला लागली. त्यातला एक पोराने उचलला आणि ओरडून टाकला. त्याच्या बोटाला तपकिरी डाग पडलाय, दाखव रे. साबणानं जाणार नाही तो. कातडी निघेल तेव्हाच निघेल.

एका रात्रीच्या डब्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. उद्या कुणी साहेबाला “आम्ही सिद्ध केलं” म्हणून सांगायला जाऊ नका, तो पहिल्याच प्रश्नाला तुम्हाला गप्प करेल. पण डब्यांनी जे दाखवलं त्याचं कारण काय, ते समजून घेता येतं.

ज्यानं डाग पाडला तो आधी बघू. अंगानं बारका, दीड सेंटिमीटरच्या आसपास. डोकं आणि मान तांबूस पिवळी, पाठ काळपट आणि त्यावर पिवळे ठिपके. पाय लांब, पळण्यासाठीच केलेले. शास्त्रात या गटाला फेरोप्सोफस म्हणतात. इंग्रजीत त्याचं नाव गोलंदाज या अर्थाचं आहे, तोफ डागणारा. ते नाव उगाच नाही. याच्या पोटात मागच्या बाजूला दोन कप्पे असतात. एका कप्प्यात दोन रसायनं एकत्र साठवलेली. एक हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे दवाखान्यात जखम धुताना फसफसतं ते. दुसरं हायड्रोक्विनोन, फोटो धुणारे वापरतात ते. नुसती एकत्र ठेवली तर फारसं काही होत नाही. पण कुणी याला चिमटीत धरलं की तो हे मिश्रण दुसऱ्या कप्प्यात ढकलतो. तिथे काही द्रव्यं अशी असतात की रसायनांचा एकदम भडका होतो, आणि मागून फट् आवाज करून उकळता फवारा बाहेर. याच्या एका जातभाईचा फवारा अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९६९ साली मोजला. शंभर अंश निघाला. पाणी उकळतं तेवढा. मुंगी, बेडूक, पाखरू, कुणीही असो, तोंड भाजलं की सोडून देतं. आणि पोटाचं टोक वळवून पाहिजे त्या दिशेला नेम धरता येतो. आपल्याकडे एवढं नेमकं हत्यार असतं तर रेंजरनं जरा विचार केला असता. (हशा)

डार्विनचं नाव ऐकलंय ना? माकडापासून माणूस वगैरे म्हणून शाळेत सांगतात तो. कॉलेजात असताना त्याला भुंगेरे गोळा करायचं वेड होतं. एकदा झाडाची साल सोलली तर दोन दुर्मिळ भुंगेरे दिसले, दोन्ही हातांत एकेक धरला. तेवढ्यात तिसरा दिसला. हात रिकामा नाही. तर त्यानं उजव्या हातातला तोंडात टाकला. त्यानं जिभेवर असा जळजळीत रस सोडला की तोंडातला थुंकावा लागला, आणि तिसराही गेला. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

हे झालं एकाचं. पण मला बोलायचंय ते त्याच्या सगळ्या भाऊबंदकीवर. जमिनीवर पळणाऱ्या भुंगेऱ्यांचं कूळ फार मोठं आहे. जगात त्यांच्या नावं दिलेल्या जाती तीस हजारांच्या वर आहेत. आपल्या देशातल्या या कुळावर अँड्रूज नावाच्या इंग्रजानं दोन जाड खंड लिहिले, पहिला १९२९ साली, दुसरा १९३५ साली. बहुतेक जण शिकारी. दिवसा दगडाखाली, कुजलेल्या ओंडक्याखाली, पाल्यात दडून बसतात आणि रात्री निघतात. अळ्या, गोगलगायी, लहान किडे, दुसऱ्याची अंडी, जे सापडेल ते. काही तर शिकारीवर आधी पाचक रस ओकतात आणि तिचं पातळ झाल्यावर ते पितात. शेताला यांचा उपद्रव क्वचित, उपयोगच जास्त. हे कूळ शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

गोलंदाजाचंच घ्या. जमिनीत बोगदे करणारा तो रातकिडा तुम्हाला माहीत आहे, पुढचे पाय फावड्यासारखे असतात. भाताची रोपं मुळापाशी कातरतो, पाणी न साठणाऱ्या वावरात त्याचा त्रास जास्त. जपानमध्ये आणि अमेरिकेत गोलंदाजाच्या जातभाईंवर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की त्यांच्या अळ्या त्या रातकिड्याच्या बिळात शिरून त्याच्या अंड्यांवरच वाढतात. अंडी नाहीत तर अळी नाही. म्हणजे जमीन मऊ पाहिजे, ओल पाहिजे, रातकिडा पाहिजे, आणि मोठा भुंगेरा दडायला जवळ दगड नाही तर पाला पाहिजे. यातलं एक काढलं की बाकीचं असून उपयोग नाही.

आता तो राहतो कुठे ते नीट बघू, कारण माझा मुद्दा तिथेच आहे.

गावदेवाच्या रानात गेलात तर पाय कसा पडतो? मऊ पडतो. वर यंदाची पानं, ऐनाची, हेदाची, बिबळ्याची, कुंभ्याची, उंबराची, सगळी मिसळलेली. काही जाड, काही पातळ. पातळ लवकर कुजतात, जाड टिकतात, त्यामुळे मधे पोकळ्या राहतात. त्याखाली गेल्या वर्षीची पानं, शिरा उरलेल्या, जाळीसारखी. त्याखाली काळा भुगा, त्यात पांढरी बुरशीची तंतूं. त्याखाली माती. मार्च-एप्रिलात बाहेर मुरूम तापून पाय भाजतो तेव्हा या थरात हात घालून बघा, गार लागेल. आज्या हसतायत, त्यांना हे मी शिकवायची गरज नाही. तुम्ही अळंबी काढायला जाता तेव्हा हाच थर उकरता.

या भुंगेऱ्याचं सगळं आयुष्य या थरात आहे. अंडी मातीत घालतो. अळी मातीत आणि पाल्यात फिरून खाते, दोनदा कात टाकते, मग मातीतच गोल खोली करून कोष होतो. पावसाळ्यात चंगळ. पण आपल्याकडे पाऊस चार महिने, पुढचे आठ महिने काढायचे कसे? वाळला की मेला. म्हणून कोरड्या दिवसांत तो खाली खाली जातो. मातीच्या भेगांत, कुजक्या ओंडक्याच्या पोटात, ओढ्याच्या काठच्या दगडाखाली. एकेका दगडाखाली दहा-वीस जण एकत्र बसलेले मी पाहिलेत. तुम्ही खेकडे धरताना पाहिले असतील. म्हणजे त्याला एक जागा पुरत नाही. पावसाळ्याचं घर पाल्यात, उन्हाळ्याचं घर ओढ्याच्या काठी किंवा जुन्या लाकडात, आणि मधला रस्ता चालत जाण्यासारखा सावलीचा पाहिजे.

चालत म्हणालो ते मुद्दाम. या कुळातल्या कितीतरी जातींना उडता येत नाही. पंख आहेत, पण ठेंगणे, निकामी झालेले. अमेरिकेतल्या डार्लिंग्टन नावाच्या अभ्यासकानं १९४३ साली डोंगरांवरच्या आणि बेटांवरच्या या भुंगेऱ्यांचा हिशेब मांडला. त्याला दिसलं की जिथे जागा पिढ्यान्‌पिढ्या टिकून असते तिथे पंख जातात. का? ज्याची जागा दरवर्षी पुरात वाहून जाते त्याला उडून दुसरीकडे जावं लागतं, त्याला पंख लागतात. ज्याच्या बापजाद्यांची जागा शे-हजार वर्षं हललीच नाही, त्याला पंखांचा खर्च कशाला? तो पाय बळकट करतो.

आता अशा बिनपंखी भुंगेऱ्याच्या जंगलात कूप पडला. झाडं तोडली, ऊन जमिनीवर आलं, उरलेलं छाटण पेटवलं. पाला गेला, भुगा गेला, वरची माती भाजली. भुंगेरा उडून जाणार नाही. आणि दहा वर्षांनी सावली परत आली तरी पलीकडच्या रानातून उडून परत येणारही नाही. चालत येईल, पण मधे उघडा माळ असेल, डांबरी रस्ता असेल, तर तेही नाही. हरीण परत येतं, पाखरू परत येतं, ते बघून साहेब म्हणतो जंगल परत आलं. खालचं आलेलं नसतं.

सागाबद्दल दोन शब्द. सागाशी माझं भांडण नाही, साग आपल्याच रानातला आहे, पूर्वापार आहे. भांडण आहे ते नुसत्या सागाशी. एकाच जातीची, एकाच वयाची, ओळीत लावलेली झाडं. सगळी एकदम पानं टाकतात, सगळी एकदम उघडी होतात, नेमकी कडक उन्हात सावली नाही. पानं सगळी एकसारखी मोठी आणि राठ, वाळली की कागदासारखी पेटतात. आणि पावसात काय होतं बघा कधी. लहान थेंब त्या मोठ्या पानावर जमतात आणि त्यांचा एक जाड थेंब होऊन उंचावरून पडतो. खाली झुडूप नाही, गवत नाही, तर तो थेंब मातीला खणतो. म्हणून सागाच्या कुपातून येणारा ओहोळ लाल असतो. तुमच्या खाचरात गाळ येतो तो तिथूनच.

हे कुणा एका रेंजरच्या दुष्टपणामुळे झालेलं नाही. हे धोरण आहे, कागदावर आहे. राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७२ साली एक अंतरिम अहवाल दिला, माणसानं लावलेल्या जंगलांवर. मिश्र जंगलातून उत्पन्न कमी येतं, ते साफ तोडून कारखान्याच्या कामाची झाडं लावा, आणि त्यासाठी महामंडळं काढा, म्हणजे बँकेचं कर्ज मिळेल, असा त्याचा सूर. १९७४ साली आपल्या राज्यात वनविकास महामंडळ निघालं. १९७६ साली आयोगाचा वनांवरचा मोठा खंड आला, त्यातही तेच, वर जंगलातल्या लोकांवर ठपका. यात “कमी किमतीचं मिश्र जंगल” असा शब्द सारखा येतो. कुणासाठी कमी किमतीचं? मोह, करवंद, आळू, कंद, अळंबी, औषधाच्या साली, बांबू, गवत, हे काढून बघितलं तर कमी किमतीचंच दिसणार. खालचा थर तर मोजायचा प्रश्नच येत नाही.

इथे एक गंमत सांगतो, नीट ऐका, कारण ही तुम्हाला वापरता येईल. १९२७च्या वन कायद्यात वनोपज म्हणजे काय त्याची यादी आहे. त्यात लाकूड आहे, डिंक आहे, मध आहे, आणि पानंसुद्धा आहेत. म्हणजे एखाद्या बाईनं राखीव जंगलातून राबासाठी पाल्याचा भारा उचलला तर ते वनोपज, तिच्यावर गुन्हा, दंड. पण तोच पाला कूप पडताना शेकडो एकरांवर जाळला जातो तेव्हा त्याची किंमत किती धरतात? शून्य. नुकसानीत त्याची ओळ नसते. बाईच्या डोक्यावर असला की पाला सरकारी माल, आणि जमिनीवर असला की कचरा. एकाच कायद्यानं एकाच पानाला दोन भाव कसे लावले, हा प्रश्न पुढच्या मोर्च्यात लेखी विचारा. उत्तर काय येतं ते मलाही बघायचंय.

आता आपल्याकडे वळतो. टाळ्या वाजवून झाल्या, आता जरा कडू.

पाला फक्त महामंडळाच्या कुपात जळतो का? मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखाली कोण पेटवतं? आपणच. आणि झाडाखालची आग झाडाखाली राहते का? वारा सुटला की डोंगर घेते. तेंदूच्या पानाला कोवळा फुटवा यावा म्हणून ठेकेदाराची माणसं झुडपं पेटवतात, तेव्हा त्यांच्याकडे रोजावर जाणारा हात कुणाचा असतो? मी हे बाहेरचा माणूस म्हणून सांगतोय, राग आला तर या मांडवातच काढा. मोहाखाली झाडून घ्यायला वेळ लागतो, कबूल. एकट्या बाईला दहा झाडं झाडायची तर सकाळ जाते. पण आगीनं जो थर जातो तो परत बसायला कितीतरी पावसाळे लागतात, आणि त्याची अळंबी, त्याचं पाणी, ते नुकसान त्याच बाईचं असतं. घरपट एक माणूस देऊन झाडून घेणं जमतं का, हे तुम्ही ठरवा. मी ठरवणार नाही.

राबाचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे मी तुमच्या बाजूनं भांडेन. राब जाळतात तो वाफ्यात, जंगलात नाही. फांद्या छाटतात, झाड उभं राहतं. सरकारचा राबावर राग आजचा नाही. १८८५ साली इंग्रजांनी मुंबई इलाख्यात वन आयोग नेमला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यातल्या तक्रारींमुळे. १८८७ साली अहवाल आला. राब हा त्यातला मोठा विषय होता. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं झाली, तुमच्या वाफ्यातल्या धुरावर कागद काळे होतायत. कुपातल्या धुरावर किती झाले?

आणि दुसरं टोक. शहरात आता जंगल वाचवा म्हणणारे लोक पुष्कळ झालेत. चांगली गोष्ट आहे, मीही त्यातलाच. पण त्यांतल्या काहींना वाटतं, दुर्मिळ प्राणी सापडला की कुंपण घाला आणि माणसं बाहेर काढा. १९७२चा वन्यजीव कायदा झाला, १९७३-७४ साली मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला, तिथल्या कोरकूंना विचारा हक्कांचं काय झालं. उद्या कुणी म्हणेल, या रानात दुर्मिळ भुंगेरा आहे, गाव उठवा. म्हणून आजच सांगून ठेवतो. भुंगेरा जिथे सापडला ते रान कुणी राखलं? खात्यानं नाही. गावदेवाच्या रानातून वाळकी काडी आणायची नाही, हा नियम तुमच्या आज्या-पणज्यांचा. पुण्याचे वर्तक आणि गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या अशा देवरायांवर काम केलं, १९७६ साली छापलं. आजूबाजूचं सगळं तुटलं तरी देवाच्या नावानं राखलेले तुकडे टिकले, आणि इतरत्र न दिसणारी झाडं तिथे दिसली, असं त्यांनी नोंदवलं. काडी आणायची नाही म्हणजे ओंडका तिथेच कुजणार. ओंडका कुजणार म्हणजे भुंगेऱ्याला उन्हाळ्याचं घर. तुमच्या पूर्वजांनी भुंगेऱ्यासाठी नियम केला असं मी म्हणणार नाही, देवाच्या धाकानं केला असेल. पण राखलं ते तुम्ही.

एक शेवटचं, मग प्रश्न घेऊ. पनामा म्हणून एक देश आहे, तिथे अर्विन नावाचा शास्त्रज्ञ काम करत होता, आपल्या या पळणाऱ्या भुंगेऱ्यांचाच अभ्यासक. त्यानं एका जातीच्या फक्त १९ झाडांवर औषधाचा धूर सोडला आणि खाली पडलेले किडे गोळा केले. वेगवेगळ्या ऋतूंत. नुसते भुंगेरेच बाराशेच्या आसपास प्रकारचे निघाले. त्यावरून त्यानं गणित मांडलं, १९८२ साली छापलं. पृथ्वीवर किडे-कोळी यांच्या जाती तीन कोटी असाव्यात. त्या गणितात अंदाजावर अंदाज आहेत आणि त्यावर वाद झाला, मलाही आकडा जास्त वाटतो. पण त्या काळी नावं दिलेले सगळे प्राणी आणि वनस्पती धरून पंधरा लाखांच्या आसपास जात होते, तेव्हा आकडा अर्धा केला, दहावा हिस्सा केला, तरी बिननावाचेच जास्त उरतात. आणि ते सगळ्यात जास्त आपल्यासारख्या उष्ण देशांच्या जंगलांत. ज्याचं नाव नोंदलेलं नाही ते नाहीच, असा हिशेब कोण करतं, आणि त्यात नुकसान कुणाचं होतं, हे पट्ट्यासाठी दहा वर्षं खेटे घालणाऱ्या माणसाला मी काय सांगू.

चर्चा

एका आजींनी विचारलं, हा किडा कशाचं औषध आहे का?

नाही आजी, निदान मला माहीत नाही. उलट फवारा डोळ्यात गेला तर फार जळजळतं, पोरांना सांगा धरू नका. गेलाच तर भरपूर पाण्यानं धुवा, चोळू नका. तुमच्याकडे त्याला काही नाव आहे का? (आजी म्हणाल्या, नाव नाही, पण खेकड्याच्या दगडाखाली असतो, हात चावतो म्हणतो आम्ही.) चावत नाही, भाजतो. पण दगड बरोबर सांगितलात.

एका तरुणानं विचारलं, आम्ही प्लॉट काढले ते पण जंगल तोडूनच ना? मग भुंगेऱ्याचं नुकसान आम्ही नाही का केलं?

प्रश्न चांगला आहे, आणि टाळणार नाही. केलं. नागलीच्या वावरात गावदेवाच्या रानाइतके भुंगेरे राहणार नाहीत. पण आज सकाळचं बघा, बांधाच्या डब्यात दोन होते, कुपातल्यात एकही नव्हता. तुमच्या वावरात मोह उभा असतो, आंबा उभा असतो, दगडी बांध असतो, वरकस दोन-तीन वर्षं टाकून देता तेव्हा त्यावर झुडूप येतं. भुंगेऱ्याला ते घर पुरत नाही, पण एका रानातून दुसऱ्या रानात जायला पायवाट मिळते. बांध पेटवू नका, बांधावरचे दगड उचलून घराच्या पायाला नेऊ नका, एवढं जरी केलंत तरी रातकिड्याचा बंदोबस्त थोडा होईल. आणि हो, जुना बांध आणि वावरातलं जुनं झाड हा कसण्याचा पुरावासुद्धा आहे. पावती उंदरानं खाल्ली तरी मोहाचा घेर उंदीर खात नाही. पंचनाम्यात तो लिहून घ्या.

एका कार्यकर्तीनं विचारलं, कूप आखायला येतात तेव्हा आम्ही नेमकं काय म्हणायचं? भुंगेरा म्हटलं तर हाकलून देतील.

भुंगेरा म्हणूच नका बाई. कूप आखायला येतील तेव्हा गावानं एकत्र जायचं आणि तीन गोष्टी पंचनाम्यात मागायच्या. पाल्याचा थर किती बोटं आहे, काठी रोवून, त्यांच्यासमोर, दहा ठिकाणी. ओढा किंवा झरा किती अंतरावर आहे आणि कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो. आणि पडलेली जुनी लाकडं किती आहेत. हे लिहायला नकार दिला तर नकार दिला असं आपल्या वहीत लिहा, तारीख घाला, हजर असलेल्यांचे अंगठे घ्या. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा काठी रोवा. दोन-तीन वर्षांची अशी वही असेल तर मी स्वतः ती घेऊन कॉलेजातल्या लोकांकडे जाईन, आणि मग भुंगेऱ्याचं नाव आम्ही लिहू.

एका मुलानं विचारलं, डबे अजून ठेवायचे का?

आज संध्याकाळी सगळे काढा. आजचे भुंगेरे जिथले तिथे सोडा, गावदेवाचे गावदेवाच्या रानात, बांधाचे बांधाला. पुन्हा लावायचे तर पहिला पाऊस पडून आठ दिवस झाल्यावर, नंतर भर पावसात एकदा, आणि एकदा दिवाळीनंतर. रोज सकाळी बघायचे. विसरून राहिलेल्या डब्यात पाणी भरतं आणि बेडकाची पिल्लं बुडून मरतात.